फुफ्फुसाचा कॅन्सर: म्युटेशन टेस्टसाठी हाडाचा तुकडा पाठवायचा, छातीचं पाणी की परत बायोप्सी?

मुरगूडकर_पोरगं

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे पण वाचा, सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

आमचे आण्णा, वय ६४, गाव मुरगूडजवळ, सगळं आयुष्य ऊस आणि गुऱ्हाळात गेलं. बिडी नाही, तंबाखू नाही, कसलंच व्यसन नाही. पाठ दुखायला लागली म्हणून आधी हाडाच्या डॉक्टरांकडं गेलो, एमआरआय बघून त्यांना मणक्याचा टीबी वाटला आणि खात्रीसाठी सुईनं मणक्याच्या हाडाचा तुकडा काढला. रिपोर्ट आला कॅन्सरचा. ॲडेनोकार्सिनोमा, फुफ्फुसातनं आलेला असावा असं लिहिलंय. मग कोल्हापुरात छातीच्या डॉक्टरांकडं गेलो, सीटी झाला, ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनळीत दुर्बीण घालून, फुफ्फुसातले बारके तुकडे काढले, आणि उजव्या बाजूला पाणी साठलेलं ते पण उपसलं, त्यात पण कॅन्सरच्या पेशी आहेत म्हणालेत.

आता कॅन्सरचे डॉक्टर म्हणतायत केमो द्यायची का गोळी हे ठरवायच्या आधी म्युटेशन टेस्ट करा, म्हणजे कॅन्सरच्या जनुकांत ठराविक बदल आहे का ते बघायचं; ईजीएफआर, एएलके, रॉस-वन वगैरे त्या जनुकांची नावं. म्हणून ब्रॉन्कोस्कोपीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले ते तुकडे, मुंबईला पाठवला तर तिकडनं निरोप आला की टिशू अपुरा आहे, टेस्ट होणार नाही. घरात सगळ्यांचे हातपाय गळालेत. आण्णा परत ब्रॉन्कोस्कोपीला तयार नाहीत, त्यांना लई त्रास झाला त्या दिवशी.

तर माझे प्रश्न असे. हाडाचा तुकडा बऱ्यापैकी मोठा आहे असं लॅबवाले म्हणतात, तो पाठवला तर चालंल का? पण तो तर पसरलेल्या जागेचा आहे, मूळ फुफ्फुसाचा नाही, मग रिझल्ट वेगळा येणार नाही का? पाण्यात काय असणार, ते नुसतं पाणीच ना? आणि एक पाहुणे म्हणतायत की हे सगळं सोडा, रक्तावर टेस्ट होते ती करा. कोणी यातनं गेलं असंल तर प्लीज सांगा.

इचलकरंजी_वहिनी

दादा, आधी धीर धरा. माझ्या सासूबाईंचं असंच झालं होतं, त्याही कधी व्यसनाच्या जवळ गेल्या नव्हत्या, आयुष्यभर चूल आणि यंत्रमागाचा खडखडाट एवढंच. त्यांच्या मानेत गाठ आली होती तिथनं सुईनं नमुना घेतला, आणि त्यावरच ईजीएफआर पॉझिटिव्ह निघालं. फुफ्फुसाला हातही लावावा लागला नाही. त्यामुळं मूळ जागेचाच तुकडा पाहिजे असं काही नसावं, पण जाणकार सांगतीलच.

मला एक गोष्ट मात्र फार लागली होती. पहिल्या लॅबनं त्या गाठीच्या ब्लॉकवर एकामागनं एक इतक्या स्टेनिंगच्या, म्हणजे रंग देऊन मार्कर बघायच्या, टेस्ट केल्या की म्युटेशनसाठी जवळपास काही उरलंच नव्हतं. कॅन्सर आहे हे कळलेलं, फुफ्फुसाचा आहे हे पण कळलेलं, तरी अजून एक मार्कर, अजून एक मार्कर असं चाललेलं आणि बिल आमच्या नावावर. शेवटी काचेवरच्या जुन्या स्लाइड कामाला आल्या. तुम्ही आत्ताच लॅबला फोन करून सांगा की आता आमच्या कुठल्याच ब्लॉकला आम्हाला विचारल्याशिवाय हात लावू नका. वडिलांना अंबाबाई बरं करो.

शाहूपुरी_नाना

पोरा, माझं ऐकशील तर या टेस्टच्या नादात महिना घालवू नको. व्यसन नसलेला माणूस, ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे नव्वद टक्के गोळीचाच पेशंट. जेफिटिनिब ही ईजीएफआरवरची गोळी आपल्याकडं बऱ्यापैकी स्वस्तात मिळते, डॉक्टरला सांग चालू करा, गुण आला तर आला. माझ्या मित्राला तशीच दिलेली आणि दोन वर्षं चांगला फिरला तो. माणूस महत्त्वाचा, कागद नंतर.

स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बरीच वर्षं याच कामात. मुरगूडकर, तुमचे प्रश्न एकदम बरोबर जागेवर आहेत, पण आधी नानांच्या मुद्द्याचं बोलते, कारण हे मी कोल्हापुरात फार ऐकते आणि दरवेळी जीव वरखाली होतो.

नाना, तुमची कळकळ समजते, पण नव्वद टक्के हा आकडा खरा नाही. आपल्या देशात ॲडेनोकार्सिनोमाच्या पेशंटमध्ये साधारण चारात एकाला ईजीएफआर म्युटेशन सापडतं, व्यसन नसलेल्यांत त्याहून जास्त, तरी सगळ्यांना नाही. आणि अंदाजानं गोळी देऊन काय होतं हे २००९ साली आयपास नावाच्या अभ्यासात स्पष्ट झालंय. त्यात आशियातलेच, व्यसन नसलेले किंवा पूर्वी थोडंफार ओढलेले ॲडेनोकार्सिनोमाचे पेशंट होते, म्हणजे आण्णांसारखेच. म्युटेशन असलेल्यांत जेफिटिनिबनं १०० पैकी ७१ जणांची गाठ आक्रसली, केमोनं ४७ जणांची. पण म्युटेशन नसलेल्यांत गोळीनं शंभरात फक्त एकाला गुण आला आणि केमोनं २३-२४ जणांना. म्हणजे चुकीच्या माणसाला गोळी दिली तर नुसता वेळ जात नाही, हातातली चांगली ट्रीटमेंट जाते. चेहरा बघून, वय बघून, व्यसन बघून म्युटेशन ओळखता येत नाही. तुमच्या मित्राला लागू पडली याचा मला आनंद आहे, पण त्याच्यावरनं आण्णांचं ठरवता येणार नाही.

आता नमुन्याचं. मूळ गाठ का पसरलेली गाठ, यानं ईजीएफआर, एएलकेच्या बाबतीत सहसा काही बिघडत नाही. ही म्युटेशनं रोगाच्या अगदी मुळाशी असतात, पेशी जिथं गेल्या तिथं ती बरोबर घेऊन गेल्या. २०१८ साली सुधारलेली जी आंतरराष्ट्रीय गाइडलाइन आम्ही पॅथॉलॉजिस्ट वापरतो तिच्यात पण हेच आहे, मूळ किंवा पसरलेली, जी चांगली असेल ती वापरा. मेंदू, लिव्हर, मानेची गाठ, काहीही चालतं. विचारायचं ते असं की नमुन्यात जिवंत कॅन्सर पेशी किती आहेत, आणि त्या पेशींना बाहेर काढल्यावर काय वागणूक मिळाली.

आणि इथंच तुमचा हाडाचा तुकडा अडतो. हाड इतकं कडक असतं की ते तसंच कापता येत नाही, त्यातला चुना आधी विरघळवावा लागतो, त्याला डिकॅल्सिफिकेशन म्हणतात. बहुतेक लॅबमध्ये हे ॲसिडमध्ये करतात कारण ते लवकर होतं. स्लाइडवर पेशी ठीक दिसतात, रिपोर्ट पण बरोबर येतो, पण ॲसिडमधनं निघालेल्या पेशी म्हणजे रस काढलेलं चिपाड, आकार आहे पण आतला डीएनए तुटून गेलेला. त्यावर टेस्ट केली की एकतर फेल होते किंवा वाईट म्हणजे 'म्युटेशन नाही' असा खोटा रिझल्ट हातात पडू शकतो. ईडीटीए नावाचं सौम्य द्रावण वापरलं असेल तर गोष्ट वेगळी, त्याला वेळ लागतो पण डीएनए टिकतो. तेव्हा हाडाच्या रिपोर्टमध्ये ग्रॉस म्हणून जो परिच्छेद असतो तो बघा, नाहीतर सरळ लॅबला फोन करून विचारा की डिकॅल कशात केलं होतं.

आणि पाणी नुसतं पाणी नसतं! पाण्यात कॅन्सर पेशी निघाल्यात असं तुम्हीच लिहिलंय. त्या पाण्याचा सेल ब्लॉक केला होता का, की फक्त काचेवर स्मिअर काढले, एवढं विचारून सांगा. मग पुढचं बोलू.

मुरगूडकर_पोरगं

मॅडम, तुमचे उपकार आहेत. आत्ता लॅबला जाऊनच आलो. हाडाचं विचारलं तर टेक्निशियन म्हणाले नायट्रिक ॲसिडमध्ये केलंय. म्हणजे ते गेलंच म्हणायचं.

ब्रॉन्कोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की तीन तुकडे, सगळ्यात मोठा २ मिलिमीटर, बराचसा भाग नेक्रोसिस. त्यावर टीटीएफ-वन, पी-फॉर्टी, सीके-सेवन आणि अजून दोन-तीन नावं आहेत टेस्टची.

पाण्याचा सेल ब्लॉक केलाय म्हणाले! रिपोर्टमध्ये असं आहे की ॲडेनोकार्सिनोमाच्या पेशींचे पुंजके, बरोबर मेसोथेलियल पेशी आणि लिम्फोसाइट भरपूर. कॅल्रेटिनिन आणि टीटीएफ-वन त्यावर पण केलंय. पण हे 'भरपूर लिम्फोसाइट' वाचून परत भीती वाटायला लागली.

स्लाइडवाली

नायट्रिक असेल तर हाडाचा नाद सोडा. तो ब्लॉक निदानासाठी जपून ठेवा, म्युटेशनसाठी पाठवू नका, कोणी कितीही 'मोठा तुकडा आहे' म्हणालं तरी.

ब्रॉन्कोस्कोपीवाला का नाकारला ते पण तुमच्या रिपोर्टमध्येच दिसतंय. नेक्रोसिस म्हणजे मेलेला टिशू, त्यातला डीएनए कामाचा नसतो. २ मिलिमीटरच्या तुकड्यावर इतके स्टेन केल्यावर हातात उरणार काय? इचलकरंजीच्या वहिनींनी वर जे लिहिलंय ते प्रत्येक नातेवाइकानं वाचावं असं आहे. अशा बारक्या तुकड्यावर टीटीएफ-वन आणि पी-फॉर्टी एवढे दोनच स्टेन बहुतेक वेळा पुरतात, बाकीचा टिशू राखून ठेवायचा असतो.

आता सेल ब्लॉक, माझ्या मते तुमची खरी आशा तिथं आहे. पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला गाळ फॉर्मॅलिनमध्ये पक्का करून मेणात बसवतात, म्हणजे तो बायोप्सीसारखाच ब्लॉक होतो आणि त्यावर डीएनए टेस्ट, एएलकेचं स्टेनिंग, सगळं करता येतं. लिम्फोसाइट म्हणजे साध्या पांढऱ्या पेशी, पण तुमची भीती अगदीच चुकीची नाही. होतं काय, डीएनए काढताना मशीनला कॅन्सरची पेशी कुठली आणि साधी कुठली हे कळत नाही, सगळ्यांचा डीएनए एकत्र येतो. समजा १०० पेशींत २० कॅन्सरच्या आहेत. म्युटेशन साधारणपणे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीतच असतं, म्हणजे एकूण डीएनएत ते १० टक्केच दिसणार. जुन्या सँगर पद्धतीला ते निसटायचं, म्हणून पूर्वी निम्म्या पेशी कॅन्सरच्या पाहिजेत असा आग्रह असायचा. आता रिअल-टाइम पीसीआर आणि एनजीएस या डीएनए तपासायच्या नव्या पद्धती आहेत, दोन्हीला २० टक्के चालतात, पीसीआरला कधी त्याहून कमी पण. त्याच्याही खाली गेलं तर निगेटिव्ह रिझल्टवर भरवसा ठेवायचा नाही.

म्हणून तुम्ही आता लॅबच्या पॅथॉलॉजिस्टना भेटा आणि एवढंच विचारा की सेल ब्लॉकमध्ये ट्यूमर पेशींचं प्रमाण किती टक्के, आणि तो आकडा लिहून द्या. टाळाटाळ केली तरी मागा, तो देणं हे आमचं कामच आहे. पुंजके एका बाजूला गोळा झाले असतील तर एच अँड ई, म्हणजे नेहमीचा जांभळा-गुलाबी रंग दिलेल्या, स्लाइडवर पेननं तेवढा भाग गोल करून देता येतो, मग पुढची लॅब तेवढाच भाग खरवडून घेते आणि प्रमाण वाढतं.

आणि पाण्याचे काचेवरचे स्मिअर पण टाकू देऊ नका. ते फॉर्मॅलिनमध्ये गेलेले नसतात म्हणून त्यांच्यातला डीएनए कधीकधी ब्लॉकपेक्षा चांगला निघतो. फक्त ती स्लाइड टेस्टमध्ये खर्ची पडते, त्यामुळं आधी फोटो काढून ठेवायला सांगा आणि निदानासाठी एखादी मागं राहू दे.

दम_आणि_दवा

मी छातीच्या विभागात काम करतो, मॅडमच्या बोलण्यात थोडी भर.

ते पाणी बहुधा परत साठेल, बऱ्याच जणांचं साठतं. पुढच्या वेळी उपसाल तेव्हा आधीच पॅथॉलॉजीला कळवून ठेवा की मॉलिक्युलर टेस्टसाठी सेल ब्लॉक पाहिजे. नाहीतर काय होतं, दीड लिटर पाणी बेसिनमध्ये जातं आणि १० मिलिलिटरची ट्यूब लॅबला. निदान १०० मिलिलिटर द्या, जास्त दिलं तरी हरकत नाही. लगेच पोचवायचं, नाही जमलं तर साध्या फ्रीजमध्ये ठेवायचं, डीप फ्रीजमध्ये नाही. म्हणजे आण्णांना नव्यानं कसलीच वेगळी सुई नाही, दमासाठी जे करावंच लागणार आहे त्यातनंच नमुना मिळतोय.

सेल ब्लॉकवर पण जमलं नाही तर मग सीटी गायडेड बायोप्सी. ब्रॉन्कोस्कोपीपेक्षा ती पेशंटला बरीच सुसह्य जाते, सुईची जागा बधिर करतात आणि जाड सुईनं टिशूच्या सळया काढतात, त्यात माल चांगला येतो. फुफ्फुसाला भोक पडून हवा भरण्याचा धोका असतो, म्हणून नंतर काही तास थांबवून घेतात आणि एक्स-रे काढतात. पण मानेत गाठ लागत असेल तर त्याआधी ती बघा, सगळ्यात सोपी जागा. सीटीच्या रिपोर्टमध्ये सुप्राक्लॅव्हिक्युलर नोड (गळ्याच्या हाडावरची गाठ) असा शब्द कुठं आहे का शोधा.

रक्ताच्या टेस्टचं विचारलंय. लिक्विड बायोप्सी म्हणतात तिला, ट्यूमरचा जो डीएनए रक्तात सुटलेला असतो तो पकडतात. पॉझिटिव्ह आली तर ती मानायची आणि गोळी चालू करायची, त्यात दुमत नाही. निगेटिव्ह आली तर मात्र ते उत्तर नव्हे. टिशूत म्युटेशन असलेल्या साधारण तीनात एकाचं रक्तात सापडत नाही, ट्यूमरनं रक्तात पुरेसा डीएनए सोडलेलाच नसतो. म्हणून रक्त निगेटिव्ह म्हणजे टिशूवर परत करायची. आण्णांचं हाडात आणि छातीत पसरलंय त्यामुळं रक्तात सापडायची शक्यता बरी आहे, पैशाची सोय असेल तर सेल ब्लॉक आणि रक्त दोन्ही बरोबर पाठवलं तरी चालेल, वेळ वाचतो. फक्त इथनं मुंबई-पुण्याला पाठवायचं तर साध्या ईडीटीए ट्यूबमध्ये नको, कारण त्यातलं प्लाझ्मा काही तासांत वेगळं करावं लागतं, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए मिसळतो आणि ट्यूमरचा त्यात बुडून जातो. त्यासाठी वेगळी स्ट्रेक ट्यूब येते, ती टेस्ट करणारी लॅबच पाठवते, त्यात रक्त बाहेरच्या तापमानाला काही दिवस टिकतं.

आणखी एक, हे डॉक्टरांशी बोलूनच करा पण लक्षात असू दे. रिपोर्ट यायच्या आधी घाईनं इम्युनोथेरपी चालू करण्याचा विषय निघाला तर 'म्युटेशनचा रिपोर्ट आल्यावर ठरवूया का' असं नक्की विचारा. इम्युनोथेरपी आधी झाली आणि लगोलग ओसिमर्टिनिब ही ईजीएफआरवरची दुसरी गोळी द्यायची वेळ आली तर फुफ्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. पेशंट फारच दमलेला असेल तर डॉक्टर नुसती केमो चालू करून रिपोर्टची वाट बघू शकतात.

मायक्रोटोम_भाऊ

भावा, मी हिस्टोपॅथ लॅबमध्ये टेक्निशियन. डॉक्टर लोकांनी मोठं सांगितलंय, मी आपलं हाताखालचं सांगतो, कारण ब्लॉक वाया जातो तो आमच्या टेबलावरच जातो.

ब्लॉक मशीनवर लावला की तो पहिल्यांदा सरळ करून घ्यावा लागतो, पातं आणि ब्लॉकचं तोंड एका पातळीत येईपर्यंत जे पापुद्रे निघतात ते टाकून द्यायचे. एक सेक्शन ४-५ मायक्रॉनचं असतं, पण सरळ करण्यात तसली वीस-पंचवीस सहज जातात. मोठ्या ऑपरेशनच्या ब्लॉकला त्याचं काही वाटत नाही. तुमच्या वडिलांच्या २ मिलिमीटरच्या तुकड्याला एकदा स्टेनसाठी लावला, काढला, परत दुसऱ्या स्टेनसाठी लावला, परत मॉलिक्युलरसाठी लावला, असं तीनदा झालं की अर्धा टिशू कचऱ्यात. आम्ही आता बारकी फुफ्फुसाची बायोप्सी आली की एकाच बैठकीत एच अँड ई, स्टेनची दोन आणि पुढच्या टेस्टसाठी दहा-बारा कोरी सेक्शन कापून ठेवतो. सेल ब्लॉकच्या बाबतीत पण हेच सांगा. पहिल्या आणि शेवटच्या सेक्शनला एच अँड ई करून घ्या, म्हणजे मधल्या कोऱ्या स्लाइडमध्ये ट्यूमर शेवटपर्यंत होता का ते कळतं.

कोऱ्या स्लाइड कापून घेतल्या तर कपाटात ठेवू नका, महिनोन्‌महिने ठेवल्या की स्टेनिंग फिकं पडतं. ब्लॉकमध्ये टिशू जास्त टिकतो. म्हणून शक्य असंल तर ब्लॉकच पाठवायचा आणि काम झालं की परत मागवायचा. कापताना पातं नवीन घ्यायला आणि वॉटर बाथ साफ करायला सांगा, आधीच्या केसचा तरंगता कण तुमच्या स्लाइडवर आला तर दुसऱ्याचंच म्युटेशन तुमच्या नावावर लागायचं.

परत बायोप्सीची वेळ आलीच तर तुकडा निघाल्या-निघाल्या १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये गेला पाहिजे. सलाइनमध्ये ठेवून पाहुण्याच्या हातात बाटली देऊन पाठवतात ते नको. आणि फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ तास, जास्तीत जास्त ४८. आपल्याकडं काय होतंय, शनिवारी दुपारी बायोप्सी, रविवार सुट्टी, सोमवारी गौरीची सुट्टी, मंगळवारी बाटली उघडली! तोवर डीएनएचे तुकडे-तुकडे. शिवाय जास्त वेळ मुरलं की डीएनएतली अक्षरंच बदलल्यासारखी दिसतात, नसलेलं म्युटेशन दिसायला लागतं. तारीख घेतानाच सोमवार-मंगळवारची घ्या आणि बाटलीवर नमुना काढल्याची वेळ लिहायला सांगा.

मुरगूडकर_पोरगं

भाऊ, मॅडम, डॉक्टर, सगळ्यांचं लिहिलेलं कागदावर उतरवून घेतलं आणि पॅथॉलॉजिस्टना भेटलो. त्यांनी स्लाइड परत लावून बघितली, मला पण मायक्रोस्कोपमधनं दाखवली. जांभळ्या गर्दीत मोठ्या-मोठ्या पेशींचे द्राक्षासारखे घोस, आणि ते खरंच एका कडेला जास्त आहेत. ३० टक्के ट्यूमर असं लिहून दिलं आणि तो भाग गोल करून दिला. तुमचे प्रश्न विचारल्यावर ते स्वतःच म्हणाले की नातेवाईक एवढं विचारत नाहीत, बरं झालं आलात.

आता दोन अडचणी. लॅबचं ऑफिस म्हणतंय ब्लॉक आम्ही देत नाही, नियम आहे. आणि पीसीआर करू का एनजीएस? पैशात बराच फरक आहे.

स्लाइडवाली

३० टक्के म्हणजे छान! हे ऐकून बरं वाटलं.

ब्लॉक तुमच्या वडिलांच्या शरीरातला आहे, उपचारासाठी तो मिळालाच पाहिजे. ऑफिसशी वाद घालत बसू नका. कॅन्सरच्या डॉक्टरांकडनं एक ओळीचं पत्र घ्या, ब्लॉक नंबर घालून 'मॉलिक्युलर टेस्टसाठी ब्लॉक द्यावा', आणि लॅबमध्ये सही करून घ्या. ओरिजिनल रिपोर्टची झेरॉक्स, पेननं गोल केलेली स्लाइड आणि ब्लॉक तिन्ही बरोबर जाऊ दे. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे ना हे तिथं उभं राहून बघा, हाडाचा ब्लॉक हातात पडला तर सगळं मुसळ केरात. मेण उन्हात वितळतं, म्हणून गाडीच्या काचेपाशी ठेवायचा नाही. कोणी महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाणारं असेल तर हातात दिलेलं उत्तम, नाहीतर कुरिअरनं स्लाइड प्लास्टिकच्या मेलरमध्ये घालून.

पीसीआर का एनजीएस, हे पैसे आणि वेळ दोन्हीवर आहे. पीसीआरला टिशू कमी लागतो, दोन-चार दिवसांत रिझल्ट येतो, पण एका वेळी एकच जनुक आणि त्यातल्या ठरलेल्याच जागा बघते. ईजीएफआरमधली एक्झॉन १९ची डिलीशन आणि एल८५८आर ही दोनच म्युटेशनं मिळून ८५-९० टक्के भरतात, त्यामुळं नेहमीचं निसटत नाही. एएलके शंभरात तीन-पाच जणांत असतं, ते स्टेनिंगवर कळतं, इथंच सेल ब्लॉकवर डी५एफ३ नावाचा स्टेन करता येतो. रॉस-वन एखाद-दुसऱ्यात. एनजीएस एकदाच सगळी जनुकं बघते, बीआरएएफ, मेट, रेट, केरास धरून, पण तिला दोन-तीन आठवडे लागतात. टिशू एवढाच आहे आणि परत मिळेल याची खात्री नाही अशा वेळी एकेक टेस्ट करत ब्लॉक संपवण्यापेक्षा मी एनजीएसकडे झुकते. पैसे जड जात असतील तर आधी ईजीएफआर पीसीआर आणि एएलके स्टेन, दोन्ही निगेटिव्ह आले तरच पुढं, आणि ब्लॉकमध्ये काही शिल्लक ठेवायला आधीच बजावा. योजनेत काय बसतं हे हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला विचारा.

शाहूपुरी_नाना

बाई, तुम्ही आकडे दिल्यावर बोलायला जागाच नाही. पोरा, मुंबईला माझा भाचा परळला राहतोय, ब्लॉक द्यायचा-आणायचा असंल तर मला मेसेज कर, तो जाईल.

गडहिंग्लज_ताई

मधेच विचारते, माफ करा. माझ्या मिस्टरांची ईजीएफआर पॉझिटिव्ह म्हणून जेफिटिनिब चालू होती, इतके दिवस छान होतं, आता स्कॅनमध्ये वाढलंय. डॉक्टर परत म्युटेशन टेस्ट म्हणतायत. पहिल्या वेळचा ब्लॉक आमच्याकडं कपाटात जपून ठेवलाय, त्यात टिशू पण भरपूर आहे. तोच पाठवू ना?

दम_आणि_दवा

नाही ताई, यावेळी जुना ब्लॉक उपयोगाचा नाही. तुम्ही जपलात ते चांगलंच केलंत, पण तो गोळी चालू व्हायच्या आधीचा आहे. गोळीला दाद न देणारं टी७९०एम नावाचं म्युटेशन नंतर तयार होतं किंवा वाढतं, जेफिटिनिबवरच्या निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये तेच कारण असतं आणि त्यावर ओसिमर्टिनिब चालते. ते जुन्या ब्लॉकमध्ये दिसणार नाही. तुमच्या बाबतीत रक्ताची टेस्ट आधी करणं योग्य, टी७९०एम सापडलं तर सुईची गरज नाही. नाही सापडलं तर जी गाठ आत्ता वाढतेय तिचीच बायोप्सी घ्यायची, शांत बसलेल्या गाठीची नव्हे, म्हणून स्कॅनची सीडी बायोप्सी करणाऱ्याला दाखवा आणि वाढलेली जागा डॉक्टरांकडनं खूण करून घ्या. टिशू घ्यायचं अजून एक कारण असं की काही जणांत कॅन्सर स्मॉल सेल प्रकारात बदलतो, त्याची ट्रीटमेंट पूर्ण वेगळी आहे आणि ते रक्तात कळत नाही, मायक्रोस्कोपखालीच दिसतं. जेफिटिनिब रिपोर्ट येईपर्यंत चालू ठेवायची का बंद, हे तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, मनानं बंद करू नका.